उनोवर ८, पायवर २४ : एकच स्ट्रक्ट आणि इंटची भानगड

ठिबकवाला | सोमवार, रात्री ११.१२

मंडळी नमस्कार. मी काही सॉफ्टवेअरवाला नाही, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, दिंडोरी तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि त्यातून जो वेळ उरतो त्यात हे असले उद्योग. बागेत ठिबकच्या चार व्हॉल्व्हना एक अर्डुइनो उनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) लावलाय, तो ओलावा बघतो आणि व्हॉल्व्ह उघडतो-बंद करतो, दोन सीझन झाले, काही तक्रार नाही. आता घरी रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) आणला, म्हटलं उनोनं सगळे आकडे आरएस-४८५ च्या वायरवरून घरी पाठवावेत म्हणजे रात्री टॉर्च घेऊन बागेत जायला नको. त्यासाठी सी भाषेत एक स्ट्रक्ट (वेगवेगळ्या आकड्यांचा एकत्र गठ्ठा) केलं, तेच दोन्हीकडे चिकटवलं. (इथे देवनागरीत लिहितोय, कोणी कॉपी-पेस्ट करू नका.)

स्ट्रक्ट पॅकेट {
  कॅर नोड;
  इंट ओलावा;
  लाँग वेळ;
  कॅर तापमान;
};

उनोवर साइझऑफ (म्हणजे त्या गठ्ठ्याची बाइटमधली लांबी) ८ येतो. पायवर १६ आला. मला वाटलं जुनी ओएस आहे म्हणून असेल, तर एसडी कार्ड पुसून ६४ बिटवाली नवीन टाकली, आता २४ येतोय!! वाढतच चाललंय. आकडे तर बघायलाच नको, ओलावा कधी शून्य कधी लाखात. आणि सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली तर मी तापमान -१ पाठवतो, ते पायवर २५५ अंश दिसतं. बाग पेटली की काय असं बायको म्हणाली.

वायरमध्ये नॉइज आहे का? टर्मिनेशनचा रेझिस्टर लावलेला आहे.


रजिस्टरकाका | सोमवार, रात्री ११.५०

वायरला हात लावू नका, वायर बिचारी निर्दोष आहे.

सी मध्ये इंट म्हणजे किती बाइट हे ठरलेलंच नाही. स्टँडर्ड एवढंच म्हणतं की इंट किमान १६ बिट, लाँग किमान ३२ बिट, पुढचं ज्या त्या कंपायलरनं बघावं. उनोच्या एव्हीआर चिपवर इंट २ बाइट, लाँग ४, आणि तिथं अलाइनमेंटची भानगड नाही म्हणून १+२+४+१ = ८. ३२ बिट पायवर इंट ४ आणि लाँग ४, शिवाय इंटची सुरुवात चारच्या पटीतल्या पत्त्यावर झाली पाहिजे म्हणून कॅरच्या मागे ३ बाइट रिकामे सोडले, शेवटीही ३ सोडले, झाले १६. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा, तो आठच्या पटीत लागतो, म्हणून शेवटी ७ रिकामे, एकूण २४. तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, तीन कंपायलर तीन वेगळी उत्तरं देतायत आणि तिन्ही नियमात.

आणि गंमत म्हणजे हाच लाँग ६४ बिट विंडोजवर परत ४ बाइटचा. म्हणजे लॅपटॉपवर टेस्ट करून पायवर टाकलं तरी फसाल.

२५५ चं प्रकरण निराळं. नुसता कॅर लिहिला तर तो साइन्ड (उणे आकडे चालणारा) की अनसाइन्ड (शून्य आणि त्यावरचेच) हेसुद्धा कंपायलर ठरवतो. तुमच्या उनोवर साइन्ड, एआरएम चिपच्या लिनक्सवर, म्हणजे तुमच्या पायवर, अनसाइन्ड. -१ चे आठ बिट सगळे १, ते अनसाइन्ड म्हणून वाचले की २५५.

१९९९ च्या सी स्टँडर्डात यासाठीच एसटीडीइंट डॉट एच ही हेडर फाइल आली. त्यातले यूइंट८_टी, इंट१६_टी, यूइंट३२_टी हे प्रकार वापरा, नावातच रुंदी लिहिलेली आहे. नोड यूइंट८_टी, ओलावा इंट१६_टी, वेळ यूइंट३२_टी, तापमान इंट८_टी. करून सांगा.


टर्बोपिढी | मंगळवार, सकाळी ७.३०

'इंट किती बाइट?' 'सर दोन बाइट.' 'बस खाली, पास.' ही आमची व्हायवा. टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर शिकलो, तो डॉसचा १६ बिट कंपायलर, तिथं दोन बाइट खरंच होते, आणि मग पोरांनी डॉसबॉक्समध्ये तोच चालवत ते उत्तर वर्षानुवर्षं पाठ केलं. पहिल्या नोकरीत लिनक्सवर साइझऑफ इंट ४ छापून आला तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलंय, सीनियरला बोलावून दाखवलं होतं. तो काही बोलला नाही, नुसता चहा प्यायला घेऊन गेला.


ठिबकवाला | मंगळवार, रात्री १०.०५

काका केलं. २५५ गेलं, -१ आलं, त्याबद्दल बायकोकडूनही धन्यवाद. पण साइझऑफ उनोवर ८ आणि पायवर १२. आता कुठून आले चार??


बिट्सबाई | मंगळवार, रात्री १०.४०

दादा, रुंदी ठरली पण मधली रिकामी जागा कुठं ठरली? नोडनंतर १ बाइट सोडला कारण ओलावा दोनच्या पटीत पाहिजे, शेवटी ३ सोडले कारण अख्ख्या स्ट्रक्टची लांबी चारच्या पटीत पाहिजे. १+१+२+४+१+३ = १२.

आजच्या आज काम भागवायचं तर मोठे आधी, छोटे नंतर असा क्रम लावा : वेळ, ओलावा, नोड, तापमान. ४+२+१+१, दोन्हीकडे ८. दोन्ही लिटल एंडियन (संख्येचा खालचा बाइट आधी ठेवणारे) आहेत म्हणून बाइटांचा क्रमही जुळेल. पॅक्ड ॲट्रिब्यूट (मधे रिकामी जागा सोडू नको असं कंपायलरला सांगणं) लावूनही होतं, पण त्यातल्या एखाद्या फील्डचा पॉइंटर काढून कुठं दिलात तर काही प्रोसेसरवर तो नीट वाचता येत नाही.

माझं विचाराल तर मी स्ट्रक्ट जसंच्या तसं वायरवर टाकतच नाही. आठ बाइटांचा ॲरे घ्यायचा आणि हातानं भरायचा, बाइट ० नोड, बाइट १ ओलाव्याचा खालचा भाग, बाइट २ वरचा, वगैरे. दहा ओळी जास्त होतात, पण मग पॅडिंग (ती रिकामी जागा), एंडियन, कंपायलर, कशाचीच उसाभर नाही. आणि स्ट्रक्ट ठेवायचंच असेल तर खाली एक ओळ घाला, स्टॅटिक_असर्ट(साइझऑफ(पॅकेट) == ८). आकार चुकला तर कंपाइलच होणार नाही. बागेत जाऊन कळण्यापेक्षा खुर्चीवर बसून कळलेलं बरं.


चारओळी | मंगळवार, रात्री ११.०२

एवढं कशाला, कॉमा टाकून सरळ टेक्स्ट पाठवा ना, ९६०० बॉडला दहा सेकंदांतून एकदा २५ अक्षरं गेली तर कोणाच्या बापाचं काय जातं.


बिट्सबाई | मंगळवार, रात्री ११.१०

मान्य, आणि डीबगही डोळ्यांनी होतं. पण दादांना पुढं लोरा (लांब पल्ल्याचा बिनतारी रेडिओ) लावायचं असेल तर तिथं बाइट मोजून मिळतात.


ठिबकवाला | गुरुवार, रात्री ९.२०

लोराच लावायचंय, पलीकडच्या गटात वायर नेता येत नाही, मधे दुसऱ्याचं शेत आहे आणि तो विषय इथे नको.

ताई म्हणाल्या तसं बाइट बाइट करून केलं, बागेतून घरी व्यवस्थित येतंय. पण उलट दिशेला गडबड. पायवरून उनोला सेटिंग पाठवतो, ती चार बाइटची संख्या उनोवर अशी जोडतो : बफ[०] | बफ[१] << ८ | बफ[२] << १६ | बफ[३] << २४. बफ यूइंट८_टी चा, उत्तर यूइंट३२_टी मध्ये. छोटे आकडे बरोबर येतात, मोठे कचरा. हीच ओळ पायवर चालते.

आणि दुसरी गोष्ट, याच्याशी संबंध आहे का माहीत नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर पंप ३० सेकंदांनी सुरू करायचो, तिथं ३० * १००० लिहिलं होतं. लाइन लांबवली म्हणून परवा ६० * १००० केलं, तर पंप सुरूच होत नाही! ३० केलं की होतो. व्हेरिएबल यूइंट३२_टी आहे, तुम्ही सांगितलं तसं. दीड दिवस स्टार्टर उघडून बसलो होतो, वायरमनला ४०० रुपये दिले.


रजिस्टरकाका | गुरुवार, रात्री १०.१५

वायरमनचे चारशे वाचले असते. दोन्ही दुखणी एकच आहेत आणि पहिल्या प्रतिसादात मी हे सांगायला हवं होतं, चूक माझी.

यूइंट३२_टी हे डब्याचं माप आहे. डब्यात काय ओतायचं ते आधी बाहेर पातेल्यात शिजतं, आणि त्या पातेल्याचं माप इंट. सी ची पद्धतच अशी की इंटपेक्षा लहान काहीही हिशोबात आलं की आधी त्याचा इंट करायचा मग बेरीज-गुणाकार-शिफ्ट, आणि साधा लिहिलेला ६० किंवा १००० हा आकडा तर मुळातच इंट. डावीकडं काय बसलंय ते उजवीकडचा गुणाकार बघतच नाही.

आता ६० * १००० घ्या. उनोवर इंट १६ बिट, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. ३०००० मावले म्हणून ३० सेकंद चालले. ६०००० मावत नाहीत. नियमानं इथं काहीही होऊ शकतं, प्रत्यक्षात ते फिरून -५५३६ होतात, आणि हा उणे आकडा तुमच्या यूइंट३२_टी मध्ये गेला की होतो ४२९४९६१७६०. मिलिसेकंद. म्हणजे ४९.७ दिवस. पंप बिघडलेला नाही हो, तो वाट बघतोय.

६०यूएल * १००० लिहा, किंवा यूइंट३२_सी(६०) * १०००. एक आकडा रुंद झाला की गुणाकार रुंद होतो.

शिफ्टचं तेच. बफ[३] चा झाला १६ बिटांचा इंट, त्याला २४ घरं सरकवलं, सगळं पातेल्याबाहेर. बफ[१] << ८ पण सुरक्षित नाही, बफ[१] १२७ च्या वर गेला की तो उणे होतो आणि मग वरचे सोळा बिट सगळे १ होऊन येतात. प्रत्येक बाइटला आधी (यूइंट३२_टी) कास्ट करा, म्हणजे त्या प्रकारात बदला, मगच सरकवा. पायवर इंट ३२ बिट आहे म्हणून ती ओळ 'चालते', पण तिथंही बफ[३] १२७ च्या वर असेल तर ती साइनच्या बिटात घुसते आणि उत्तर ६४ बिटांत ठेवलंत तर वर सगळे १ दिसतील. तेव्हा कास्ट दोन्हीकडं.

आणि अर्डुइनोच्या आयडीईत प्रेफरन्सेसमध्ये जाऊन कंपायलर वॉर्निंग्ज 'ऑल' करा. मुळात ते 'नन' वर असतं. ६० * १००० वर कंपायलर बोंबलत होता, आयडीईनं त्याच्या तोंडावर उशी धरली होती.


ठिबकवाला | गुरुवार, रात्री १०.३१

४९.७ दिवस 😂 तोवर काडी वाळली असती.


मोटरकंट्रोल_चाकण | शुक्रवार, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. एक उलटी बाजू सांगतो. यूइंट८_टी सगळीकडं असतोच असं नाही. आम्ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० वर मोटर कंट्रोल करतो, तिथं बाइटच १६ बिटांचा आहे. कॅर १६ बिट, इंट १६ बिट, साइझऑफ इंट येतो १ आणि साइझऑफ लाँग २. नवीन पोरं पहिल्या दिवशी बघून गप्पच होतात. आठ बिटांची वेगळी जागा त्या मशीनकडं नाहीच म्हणून यूइंट८_टी डिफाइनच नाही, कोड कंपाइल होत नाही. स्टँडर्डनं नेमक्या रुंदीचे प्रकार ऐच्छिक ठेवलेत ते यासाठी. यूइंट_लीस्ट८_टी मात्र सगळीकडं द्यावाच लागतो, म्हणजे 'किमान आठ'.

तरी मी म्हणेन ही गैरसोय नाही. कोड कंपाइल झाला नाही म्हणजे आधीच कळलं. जुन्या कोडात अनसाइन्ड कॅर होता, तो कंपाइल झाला, आणि २५५ नंतर ० येईल या भरवशावर लिहिलेला एक काउंटर २५६ वर गेला. तो शोधायला आमचे तीन दिवस गेले.

ऑटोमोटिव्हमध्ये मिस्रा या सी कोडच्या नियमावलीची शिफारसही हीच आहे की नुसता इंट-लाँग न लिहिता रुंदी दाखवणारे टाइपडेफ (प्रकारांची टोपणनावं) वापरा.


सगळीकडे_इंट | शुक्रवार, संध्याकाळी ६.४०

आता एक भांडण लावतो. हे वाचून कोणी फॉर लूपचा आय पण यूइंट८_टी करेल. करू नका! आय < २५६ लिहिलंत तर तो लूप कधीच संपणार नाही. आणि उलटा लूप यूइंट३२_टी आय, आय >= ० पर्यंत, तोही अनंत, कारण अनसाइन्ड कधी शून्याखाली जातच नाही. एआरएमवर तर लहान टाइपला फायदाही नाही, रजिस्टर ३२ बिटांचं, कंपायलरला उलट वरचे बिट पुसायची जादा इन्स्ट्रक्शन घालावी लागू शकते. लूपला इंट, लांबीला साइझ_टी, पॉइंटरचा आकडा करायचा तर यूइंटपीटीआर_टी. रुंदी फक्त जिथं डेटा घराबाहेर पडतो तिथं, वायर, फाइल, हार्डवेअरचं रजिस्टर.


रजिस्टरकाका | शुक्रवार, रात्री ८.०५

एआरएमपुरतं मान्य. पण एव्हीआर ८ बिटांचं आहे, तिथं यूइंट८_टी चा लूप इंटपेक्षा खरंच स्वस्त पडतो, इंटला दोन रजिस्टरं लागतात. दोन्हीकडं चालवायचं तर यूइंट_फास्ट८_टी आहे, 'किमान आठ, पण जे वेगात चालेल ते'. फक्त हे फास्टवाले चुकूनही पॅकेटमध्ये घालू नका. ६४ बिट लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीत यूइंट_फास्ट१६_टी चक्क ८ बाइटचा आहे.

अजून एक. यूइंट१६_टी गुणिले यूइंट१६_टी. ५०००० * ५०००० उनोवर अनसाइन्डच राहतं, फिरून येतं पण नियमात. पायवर दोघांचा साइन्ड इंट होतो, अडीच अब्ज त्यात मावत नाही, आणि साइन्ड ओव्हरफ्लो म्हणजे कंपायलरला मोकळं रान. मोठ्या मशीनवर जास्त धोका असलेली ही एकच गोष्ट मला माहिती आहे. इथंही आधी कास्ट, मग गुणाकार.


विमानप्रेमी | शुक्रवार, रात्री ९.००

४ जून १९९६, एरियान ५. ६४ बिट फ्लोटचा १६ बिट इंटीजर केला, मावला नाही, रॉकेट ४० सेकंदांच्या आत गेलं. नेमक्या रुंदीचे टाइप असते तर.


बिट्सबाई | शुक्रवार, रात्री ९.२२

नाही हो, ते एडा भाषेत होतं आणि तिथं १६ बिट हे नेमकं माहीत होतं. आडव्या वेगाशी जोडलेला तो आकडा एरियान ४ च्या उड्डाणात मावायचा, ५ च्या उड्डाणात मावला नाही. डब्याचं माप माहीत असून भात जास्त झाला, माप काय करणार.


ठिबकवाला | रविवार, दुपारी ४.१०

पंप चालला. मोठे आकडे पण बरोबर येतायत. दोन शंका.

१) पायवर वेळ छापायला %एलयू (आकडा कोणत्या प्रकारचा ते छापणाऱ्या फंक्शनला सांगणारी खूण) लिहिलं होतं, उनोवरच्या कोडमधून उचललेलं, आता वॉर्निंग येते (हो, वॉर्निंग वाचायला लागलोय).

२) ते ४९.७ दिवस डोक्यातून जात नाहीत. मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) फिरून शून्यावर येतो ना तेवढ्याच दिवसांनी? मग व्हॉल्व्ह अडकेल का?


बिट्सबाई | रविवार, संध्याकाळी ५.००

१) यूइंट३२_टी हे नुसतं टोपणनाव आहे. उनोवर त्यामागे अनसाइन्ड लाँग, पायवर अनसाइन्ड इंट. म्हणून %एलयू एकीकडं बरोबर, दुसरीकडं ८ बाइट वाचायला बघतो. इंटटाइप्स डॉट एच मध्ये पीआरआययू३२ नावाचा मॅक्रो आहे, तो जिथं जे पाहिजे ते घालतो. दिसायला भयंकर, "%" पीआरआययू३२ "\एन" असं तोडून जोडून लिहावं लागतं, पण काम चोख. ईएसपी३२ बोर्डवाल्यांना हे चांगलं लक्षात असेल, ईएसपी-आयडीएफ या त्यांच्या टूलकिटच्या ५ व्या आवृत्तीत एक्सटेन्सा चिपांसाठी यूइंट३२_टी इंटवरून लाँगवर गेला आणि जुन्या प्रोजेक्टांत %यू च्या प्रत्येक ओळीवर वॉर्निंग.

२) मिलिस ३२ बिट अनसाइन्ड, ४२९४९६७२९६ मिलिसेकंदांनी फिरतो, म्हणजे ४९ दिवस १७ तास. विंडोज ९५ याच आकड्यावर अडकायचं. तुमचं विमानातही झालंय विमानप्रेमी, २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामक एफएएनं बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता, २४८ दिवस सलग वीज चालू राहिली तर जनरेटरच्या कंट्रोल युनिटमधला काउंटर भरून वाहतो. सेकंदाच्या शंभराव्या भागात २ चा ३१ वा घात किती दिवस होतात ते मोजून बघा.

दादा, तुम्ही 'आत्ता >= सुरुवात + थांबा' असं लिहिलं असेल तर फिरण्याच्या वेळी चुकेल. 'आत्ता - सुरुवात >= थांबा' लिहा. अनसाइन्ड वजाबाकी फिरली तरी फरक बरोबर येतो. फक्त तिन्ही यूइंट३२_टी पाहिजेत. हाच कोड पायवर अनसाइन्ड लाँगमध्ये नेलात तर तिथं तो ६४ बिट, उनोचा आकडा शून्यावर गेला की फरक वीस आकडी येईल. आणि कोणी जागा वाचवायला यूइंट१६_टी केलं तर पायवर वजाबाकी परत इंटमध्ये होऊन उणे येते, उत्तराला (यूइंट१६_टी) कास्ट लावा.

४९ दिवस थांबू नका. मिलिसमध्ये ४२९४९०७२९६ मिळवून एक खोटं घड्याळ करा, ते बोर्ड चालू झाल्यावर एका मिनिटात फिरेल. समोर बसून बघा.


ठिबकवाला | पुढच्या रविवारी, सकाळी ८.४५

बघितलं. घड्याळ फिरलं, व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाला, स्टूल टाकून समोर बसलो होतो. बदलायच्या आधी लिहिलं होतं ते >= सुरुवात + थांबा असंच, म्हणजे दोन सीझन नुसतं नशिबानं चाललं, किंवा महावितरणच्या कृपेनं, कारण ४९ दिवस सलग लाइट आमच्याकडं कधी राहिलेलीच नाही.

काल पुतण्यानं मला न विचारता पॅकेटमध्ये बॅटरीचं फील्ड वाढवलं, म्हणे काका लोराला लागेलच. कंपाइल झालं नाही. ताईंच्या त्या असर्टच्या ओळीवर थांबलं. त्यानं मला हाक मारली की हे ८ काय आहे, तुम्हीच लिहिलंय का.

आता नऊ केलेत. एक बाइट सीआरसीला (वाटेत डेटा बिघडला का ते तपासायला), दहा.